जीपचं पेट्रोल नेमकं कुठे वाचलं?

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर रिसर्च करायचा म्हटलं की आपण आधी पेटंट शोधतो. फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या मायलेजचा इतिहास असा लिहायला बसलात तर इंजिन आणि कार्ब्युरेटरमध्येच अडकाल. माझं म्हणणं असं, की या इतिहासाचा मोठा भाग गाडीत काही नवं घालण्याचा नाहीच. असलेलं सोडवून ठेवण्याचा आहे.

1941 ते 1945 या काळात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. रणांगणावर गाडी चिखलातून निघते का, एवढाच प्रश्न होता. युद्धानंतर उरलेल्या जीपा सामान्य अमेरिकन लोकांनी घेतल्या आणि त्या डांबरी रस्त्यावर धावू लागल्या. आता इथे नीट बघा. ड्रायव्हरने लीव्हर ओढून गाडी टू-व्हीलवर टाकली, तरी पुढची चाकं फिरतातच. आणि फिरताना ॲक्सल शाफ्ट, डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट असा सगळा लोखंडी संसार सोबत फिरवतात. काम शून्य, घर्षण चालू! थंडीत ऑइल घट्ट झालं की आणखीच जड.

आर्थर वॉर्न यांनी 1948 मध्ये सिएटलला कंपनी काढली, ती यावरच्या उपायासाठी, म्हणजे लॉकिंग हबसाठी. हब मोकळा केला की चाक एकटं फिरतं, आतलं सगळं थांबतं. चिखल आला की खाली उतरा, हब लॉक करा. (आपल्याकडे मारुती जिप्सीच्या पुढच्या चाकांवर असे हब बघायला मिळतात.)

अशा हबच्या जाहिराती हाताशी आल्या की मोह होतो, 'पेट्रोल वाचतं' हे वाक्य उचलून थेट प्रबंधात टाकायचा. थांबा. गिऱ्हाइकाला कशाची काळजी आहे असं विक्रेत्याला वाटत होतं, याचा तो पुरावा झाला. किती लिटर वाचलं याचा नव्हे. जीपचा खोक्यासारखा आकार आणि 4.88 चा ॲक्सल रेशो हबमुळे बदलत नव्हता. हायवेवर इंजिन तसंच किंचाळत होतं.

खरी मजा 1973 च्या आसपास आहे. जीपची क्वाड्रा-ट्रॅक आणि न्यू प्रोसेस कंपनीचा 203 ट्रान्सफर केस, दोन्ही 'फुल-टाइम'. खाली उतरायला नको, हब फिरवायला नको. आणि ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं! पुढच्या काळात याच 203 ला पुन्हा पार्ट-टाइम करणारी किट विकली जाऊ लागली, सोबत लॉकिंग हब. सोय म्हणून विकत घेतलेली गोष्ट काढून टाकायला लोकांनी वेगळे पैसे मोजले.

तुम्ही फक्त कंपनीची ब्रोशर वाचली असतीत तर हा उलटा प्रवास दिसलाच नसता. तिथे 'फुल-टाइम' ही प्रगतीच आहे. म्हणून सुट्या भागांचे कॅटलॉग, रिपेअर मॅन्युअल, जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या छोट्या जाहिराती बघा. 'हब बसवलेले आहेत' एवढी एक ओळ मिळाली तरी नोंदवून ठेवा, तारखेसकट.