शिकवणारी पेटी

मुलांना शिकवणारे यंत्र संगणकापेक्षा जुने आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे सिडनी प्रेसी यांनी टाइपरायटरएवढी एक पेटी तयार केली आणि १९२४ साली मानसशास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात ती मांडून दाखवली. पेटीला एक छोटी खिडकी होती. खिडकीत प्रश्न आणि त्याची चार उत्तरे दिसत, आणि बाजूला चार कळा. कळ दाबली की पुढचा प्रश्न येई आणि आत गुणांचा आकडा सरके. एक खटका फिरवला की हीच परीक्षक पेटी शिक्षक होई. मग बरोबर कळ दाबेपर्यंत प्रश्न जागचा हलत नसे. प्रेसींनी तिला आणखी एक जोड दिली होती. ठरवलेल्या संख्येइतकी उत्तरे बरोबर आली की पेटीतून लिमलेटसारखी गोळी बाहेर पडे.

प्रेसींना शिक्षक हटवायचा नव्हता. वह्या तपासणे आणि तीच ती उजळणी घेणे यांत शिक्षकाचा जो दिवस जातो, तो त्यांना वाचवायचा होता. पेटी बाजारात आली, पण खपली नाही. तेवढ्यात महामंदी आली. शिक्षकच बेकार फिरू लागल्यावर त्यांचे श्रम वाचवणारे यंत्र घेणार कोण? १९३२ साली प्रेसींनी हे काम थांबवत असल्याचे लिहून टाकले.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑल्डस हक्स्ली यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात रांगत्या बाळांपुढे फुले आणि चित्रांची पुस्तके ठेवतात. बाळांनी हात लावला की कर्कश घंटा वाजते आणि विजेचा झटका बसतो. पुस्तकाचा तिटकारा हाच तिथला पहिला धडा. मुले झोपली की उशाखालचा ध्वनिवर्धक कुजबुजत राहतो. या झोपेतल्या शिकवणीबद्दल हक्स्लींनी घातलेला एक तपशील सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. नाईल नदीची माहिती झोपेत ऐकलेला मुलगा सकाळी ते वाक्य घडाघडा म्हणतो, पण आफ्रिकेतली सर्वांत लांब नदी कोणती असे विचारल्यावर त्याला उत्तर देता येत नाही आणि तो रडू लागतो. म्हणून कादंबरीतली राजवट झोपेत भूगोल शिकवायचे सोडून देते आणि आपली पायरी ओळखून राहण्याची शिकवण तेवढी देते. कारण त्या शिकवणीला समज लागतच नाही, घोकंपट्टी पुरते. झोपेत शिकवणारी उपकरणे त्या काळी अमेरिकेत खरोखर विकली जात होती. पुढे १९५०च्या दशकात चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवत चाचण्या घेतल्या, तेव्हा गाढ झोपेत ऐकलेले काहीच लक्षात राहत नाही असे आढळले.

प्रेसींच्या पेटीला दुसरा जन्म दिला बी. एफ. स्किनर यांनी. हार्वर्डचे हे प्राध्यापक नोव्हेंबर १९५३ मध्ये पालक म्हणून आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात जाऊन बसले. गणिताचा तास होता. काही मुलांचे उदाहरण केव्हाच सुटले होते, ती चुळबुळत होती. काहींचे सुटतच नव्हते. आणि उत्तर बरोबर की चूक हे दोघांनाही वही तपासून मिळेपर्यंत कळणार नव्हते. कबुतराने योग्य ठिकाणी चोच मारताच त्याला दाणा मिळावा, यावर ज्यांचे सगळे शास्त्र उभे होते, त्यांना ही दिरंगाई खटकली नसती तरच नवल. त्यांनी काही दिवसांतच पहिले यंत्र जुळवले आणि १९५४ साली ते लोकांपुढे ठेवले. लहान ग्रामोफोनएवढी पेटी, काचेखाली कागदाच्या पट्टीवर गणित, आणि ० ते ९ आकडे छापलेल्या सरकत्या पट्ट्या. मुलाने पट्ट्या सरकवून उत्तर जुळवायचे आणि मूठ फिरवायची. उत्तर बरोबर असेल तर मूठ सहज फिरे, चुकले असेल तर अडकून बसे. प्रेसींची चार पर्यायांची पद्धत स्किनरना मान्य नव्हती. चारांतली तीन उत्तरे चुकीची असतात, ती मुलांच्या डोळ्यांपुढे धरायचीच कशाला, असा त्यांचा सवाल होता.

स्किनर स्वतः कादंबरीकारही होते. १९४८ साली आलेल्या त्यांच्या ‘वॉल्डन टू’मध्ये एक आदर्श वसाहत आहे. तिथे लहान मुलांना पिठीसाखर लावलेली काडीवरची गोळी सकाळीच हातात देतात आणि दिवसभर ती न चाटता ठेवायला सांगतात. जीभ लागली तर साखरेवर लगेच दिसते. प्रेसींची गोळी बक्षीस होती, ही संयमाची परीक्षा. स्किनरच्या मते ही सुखी समाजाची घडण होती. अनेक वाचकांना मात्र त्यात हक्स्लींच्याच जगाची सावली दिसली. शिक्षणयंत्राच्या इतिहासात स्वप्न आणि दुःस्वप्न इतकी जवळ क्वचितच आली असतील.

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुतनिक हा उपग्रह आकाशात गेला आणि आपली शाळा मागे पडली अशी धास्ती अमेरिकेने घेतली. पुढच्याच वर्षी शिक्षणासाठी मोठा निधी देणारा कायदा झाला, आणि शिकवणाऱ्या पेट्यांचे पेवच फुटले. ज्ञानकोश विकणारे दारोदारचे विक्रेते पेट्याही विकू लागले. पण धडे लिहिणे पेटी बनवण्याहून अवघड निघाले. विषयाचे शेकडो इवले तुकडे करून एकामागून एक भरवल्यावर मुले कंटाळू लागली. त्यातच हेच तुकडे साध्या पुस्तकात छापले तरी शिकणे तितकेच होते, असे दिसून आले. दहा वर्षांच्या आत लाट ओसरली.

विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्ह यांची ‘द फन दे हॅड’ ही छोटी गोष्ट स्किनरच्या यंत्राआधी दोन वर्षे, १९५१ साली, मुलांसाठी प्रसिद्ध झाली होती. एनसीईआरटीच्या नववीच्या इंग्रजी पुस्तकामुळे ती भारतातल्या असंख्य मुलांनी वाचली आहे. साल २१५७. मार्गीचा शिक्षक म्हणजे घरातल्या एका खोलीतले यंत्र. भूगोलात ती सारखी नापास होते म्हणून निरीक्षक अवजारांची पेटी घेऊन येतो, यंत्र उघडतो आणि भूगोलाचा वेग कमी करून देतो. ‘ज्याच्या त्याच्या गतीने’ हे स्किनरचे तत्त्व इथे निर्दोष चालते. यंत्र बिघडलेले नाही, क्रूरही नाही. तरी जुन्या शाळेचे पुस्तक हाती आल्यावर मार्गीला हेवा वाटतो तो आळीतली सगळी मुले एका वर्गात बसत याचा. १९५७च्या ‘प्रोफेशन’ या कथेत असिमॉव्हनी पुढचा प्रश्न विचारला. सगळ्यांच्या डोक्यात तयार ज्ञानाच्या फिती भरल्या, तर नव्या फिती करणार कोण? कथेचे उत्तर असे, की ज्यांना फिती चालत नाहीत म्हणून पुस्तके घेऊन बाजूला बसवले, तेच.

मार्गीला जे हवे होते, ते पुढच्या यंत्रात मुलांनी स्वतःच मिळवले. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवण्याची यंत्रणा सुरू केली. आरंभी एका वेळी एकच विद्यार्थी बसे. १९७०च्या दशकात शेकडो पडदे एका संगणकाला जोडले गेले; पडद्यावर बोट टेकवून उत्तर देता येई. १९७३ साली डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्यावर टिपणे लिहिण्याची सोय केली, आणखी कोणी गप्पांची केली, कोणी खेळ रचले. धडे गिरवण्यासाठी बसवलेल्या पडद्यांवर रात्र रात्र गप्पा रंगू लागल्या.

भारतात यंत्राकडून शिकण्याचा प्रयोग मुळातच समूहाचा होता, कारण दर गावाला दूरचित्रवाणी संच एकच. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या थाळ्या उभारलेल्या असत. सकाळी शाळकरी मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी शेती-आरोग्याचे. असाच एक संच इस्रोने कोलंबोत आर्थर सी. क्लार्क यांच्या घरी बसवून दिला. भूस्थिर उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल, असे या विज्ञानकथाकाराने १९४५ सालीच लिहून ठेवले होते. जानेवारी १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीतल्या कालकाजीत भिंतीला भोक पाडून संगणक बसवला, तिथेही एक मूल संगणक चालवी आणि चार जण मागून सूचना देत. त्यातून शिक्षण किती झाले आणि खेळ किती, यावर वाद झाले. घोळका मात्र खरा होता.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा घोळकाच नाहीसा झाला. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९०९ सालच्या ‘द मशीन स्टॉप्स’ या कथेत जमिनीखालच्या खोलीत एकटी राहणारी वश्ती आपल्या खुर्चीतूनच दूरदूरच्या श्रोत्यांना व्याख्यान देते. तेच आता घरोघरी सुरू झाले. महाराष्ट्रात व्हॉट्सॲपवर रोजचा अभ्यास येई, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका लागे. ज्या घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाई, तिथे यांतले थोडेच पोहोचे. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले: मुळाक्षरे, गणित, विज्ञान, व्याकरण. मुले गल्लीतून येता-जाता भिंतीपुढे अंतर ठेवून उभी राहत आणि वाचत.