सॉमची माती आणि अद्भुताचे जग

अद्भुतकथेचे नाव निघाले की आपल्याकडील जाणता वाचक किंचित हसतो. राक्षस, जादूची अंगठी, चालतेबोलते वृक्ष हा मुलांचा प्रांत. प्रौढाने त्यात रमणे म्हणजे वास्तवाकडे पाठ फिरवणे, असा समज आपल्या टीकेत फार काळ मुरला आहे. ‘पलायनवाद’ हा शब्द तर अशा वेळी हाताशी असतोच. हा समज तपासून पाहण्यास जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकाचे उदाहरण उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते. त्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही प्रदीर्घ कथा १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि पुढील अद्भुतलेखनास तिने वळण लावले. ती लिहिणारा मनुष्य वास्तवास पारखा होता काय?

टॉल्किन यांचा जन्म १८९२ साली दक्षिण आफ्रिकेत झाला. वाढले ते इंग्लंडात, बर्मिंगहॅम व त्याच्या आसपास. बाराव्या वर्षापर्यंत आईबाप दोघेही गेले होते. या पोरक्या मुलास शाळेने तीन जिवलग मित्र दिले : रॉबर्ट गिल्सन, जेफ्री बॅच स्मिथ आणि क्रिस्टोफर वाइझमन. शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा करण्याच्या खोडीतून त्यांचे मंडळ जमले आणि पाहता पाहता त्या खोडीची ध्येयनिष्ठा झाली. आपल्या हातून जगाला काही सुंदर व सत्य असे द्यावयाचे आहे, अशी त्या चौघांची श्रद्धा होती. १९१४ साली महायुद्ध पेटले. टॉल्किन १९१५ साली ऑक्सफर्डची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि लँकेशायर फ्युजिलिअर्स या पलटणीत दाखल झाले. मार्च १९१६ मध्ये त्यांचे लग्न झाले. जूनमध्ये ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले.

१ जुलै १९१६ रोजी सॉम नदीच्या खोऱ्यातील लढाईस तोंड लागले. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे सत्तावन्न हजारांवर लोक कामास आले किंवा जायबंदी झाले; त्यांत मृतांची संख्या एकोणीस हजारांहून अधिक होती. गिल्सन त्याच दिवशी पडला. टॉल्किन यांची तुकडी अद्याप मागे होती. जुलैच्या मध्यास तीही ओव्हिलेर गावाच्या लढाईत उतरली. संदेशवहन हे त्यांचे काम. तोफांच्या माऱ्याने टेलिफोनच्या तारा तुटत. मग दिवे, निशाणे, कबुतरे आणि जीव मुठीत धरून धावणारे निरोपे यांवर भिस्त ठेवावी लागे.

ती भूमी आपल्या लोकांसही अगदी परकी नव्हती. १४ जुलै रोजी, ओव्हिलेरपासून काही मैलांवर, हाय वुड या रानाजवळ डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले सरसावून घोडे घातले होते. हैदराबाद कंटिन्जंटच्या परंपरेतला हा रिसाला. पुढे दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबर रोजी, त्याच आघाडीवर जगातील पहिले रणगाडे चिखल तुडवीत निघाले. भालाईत घोडेस्वार आणि पोलादी यंत्र यांची एकाच रणांगणावर, एकाच उन्हाळ्यात पडलेली ही गाठ ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ऑक्टोबरअखेर टॉल्किन यांना खंदकातील उवांपासून होणारा ताप जडला आणि नोव्हेंबरात त्यांना मायदेशी धाडण्यात आले. ३ डिसेंबर रोजी तोफगोळ्याच्या जखमांनी स्मिथ वारला. त्याच वर्षाच्या आरंभी, रात्रीच्या गस्तीवर निघण्यापूर्वी, त्याने टॉल्किन यांना एक पत्र लिहिले होते. मी उरलो नाही तरी मला जे सांगावयाचे होते ते तू सांग, असा त्याचा आशय होता. पुढे स्मिथच्या कवितांचा संग्रह १९१८ साली निघाला, त्यास टॉल्किन यांनी छोटेसे प्रास्ताविक लिहिले. परंतु एवढ्याने ऋण फिटले, असे त्यांस वाटले नसावे.

आजारातून उठता उठता त्यांनी जी कथा लिहावयास घेतली ती गॉन्डोलिन या गुप्त नगरीच्या विनाशाची. तीत शत्रू लोखंडी अजगर चढाईवर सोडतो आणि त्या अजगरांच्या पोटात सैनिक भरलेले असतात. त्या पोलादी यंत्रांची आठवण येथे कोणास होणार नाही? ही कथा लेखकाच्या मृत्यूनंतर १९८४ साली प्रकाशात आली. त्यांच्या अद्भुतसृष्टीचा पाया घातला गेला तो अशा रीतीने, एका आजारी सैनिकाच्या हातून.

तथापि युद्धातील प्रसंग वेष पालटून कथेत आले, एवढेच म्हणून भागत नाही. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब असे तर्क अनेकांनी लढवले. टॉल्किन यांनी ते साफ नाकारले. कथेस १९३७ च्या डिसेंबरातच आरंभ झाला होता. तिच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात त्यांनी वाचकांस स्मरण दिले की १९१४ साली तारुण्यात सापडणे हेही १९३९ इतकेच भीषण होते; १९१८ पर्यंत एकाखेरीज त्यांचे सारे निकटचे मित्र मृत्युमुखी पडले होते.

मग युद्ध कथेत कोठे आहे? प्रथम, भूमीत. पाण्याखालून मृतांचे चेहरे वर पाहत आहेत, अशा एका दलदलीतून कथेतील वाटसरू जातात. त्या वर्णनावर सॉमनंतरच्या उत्तर फ्रान्सचे काही ऋण आहे, असे टॉल्किन यांनी १९६० सालच्या एका पत्रात मान्य केले आहे. दुसरे, माणसांत. धन्याची साथ न सोडणारा सॅम हा माळी त्यांनी पलटणीत पाहिलेल्या साध्या शिपायांवरून घडला, हेही त्यांनीच सांगितले. आणि तिसरे, जखमेत. नायक फ्रोडो परत येतो, गाव सावरते, लोक आनंदात असतात. त्याची जखम मात्र ठरावीक तिथीस पुन्हा दुखू लागते आणि ज्या घरासाठी तो लढला त्या घरी त्याला राहवत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विल्फ्रेड ओवेनसारख्या सैनिक-कवींनी युद्धाचे ओंगळ रूप उघडे केले. टॉल्किन यांनी मात्र रणशिंगे आणि राजांचे विजय रंगवून त्याला पुन्हा सोनेरी मुलामा दिला नाही काय? हा मोह कथेत आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण निर्णायक कार्य तेथे तलवारीने होत नाही आणि अखेरच्या क्षणी नायकाचाही निग्रह ढळतो. गावी परतल्यावर झालेल्या चकमकीत फ्रोडो शस्त्र उपसत नाही. शरण आलेल्यांस कोणी मारू नये, एवढीच त्याची धडपड असते. केवळ शौर्याची नशा चढलेल्या लेखकास हा शेवट सुचला नसता.

फ्रान्समधून गेलेल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांतील उतारे त्या वेळच्या तपासनिसांनी भाषांतर करून ठेवले, म्हणून आज वाचावयास मिळतात. त्यांत १९१५ साली एका जखमी शिपायाने घरी कळवले आहे की हे युद्ध नव्हे, हा जगाचा अंत आहे. महाभारतात सांगितले तसले हे युद्ध आहे. त्या शिपायास पलायनवादी म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. डोळ्यांनी पाहिलेले सांगावयास रोजची भाषा अपुरी पडली, तेव्हा त्याने आजीकडून ऐकलेल्या कथेचा आधार घेतला. ऑक्सफर्डच्या पंडिताने आपल्या मृत मित्राचा निरोप जगाला सांगण्यासाठी याहून वेगळे काय केले?