आईचे देणे, गर्भाचे डोके

पिकल्या केळ्यांच्या घडाभोवती घोंघावणारी चिमुकली माशी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांना तांबड्या डोळ्यांच्या या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, ही कथा आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. आज आम्हांस सांगावयाची आहे ती तिच्या अंड्याची कथा.

हे अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. एका दिवसात त्यातून अळी निघते. तिचे डोके कोणत्या टोकास व्हावे, हे ठरवते कोण? १९७८ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे क्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी अळीच्या घडणीचा माग घेण्यास आरंभ केला. रसायनाने जनुकांत बिघाड घडवावयाचा आणि अंड्यात मेलेले गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली निरखावयाचे! दुसऱ्या कोणी जे टाकून दिले असते, तीच यांची पोथी झाली. १९९५ साली या दोघांना लुईस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे ट्यूबिंगेन येथे ‘बायकॉइड’ नावाच्या जनुकाचा उलगडा झाला, तो तर विलक्षणच. या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेली मादी स्वतः धडधाकट असते. पण तिच्या अंड्यांतील गर्भाला डोके नाही, छाती नाही. डोक्याच्या जागी शेपटीकडचा भाग! पित्याकडून निर्दोष जनुक आले तरी उपयोग शून्य. कारण अंडे घडत असतानाच आई त्याच्या एका टोकास या जनुकाचा संदेश ठेवून देते. त्यापासून बनणारे प्रथिन टोकाशी दाट आणि मागे जावे तसतसे विरळ होत जाते, हे १९८८ साली दिसून आले. दाट तेथे डोके, बेताचे तेथे छाती. निरोगी अंड्याच्या पुढच्या टोकातील द्रव सदोष अंड्याच्या मध्यावर टोचला, तर डोक्याची घडण मध्यावरच होऊ लागते! मग त्या मादीचे स्वतःचे डोके शाबूत कसे? तिच्या आईपाशी एक प्रत चांगली होती म्हणून. मुलीचे व्यंग नातवंडांत प्रकटावे, असा हा प्रकार.

मनुष्यात बायकॉइड नाही; इतर बहुतेक कीटकांतही नाही. परंतु हायडेलबर्गच्या त्या शोधातील ‘हेजहॉग’ जनुकाची भावंडे आपल्यातही आहेत, आणि त्यांपैकी एकात बिघाड झाला तर मानवी गर्भाच्या मेंदूचे दोन अर्ध नीट विलग होत नाहीत.