समर्थांची लेक, रणदिव्यांची सून

डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची गोष्ट आपल्या जैन घरांत नवी नाही. पाणी गाळायचं, उकळायचं, पिठाला कीड लागू द्यायची नाही, हे आपण आजीच्या हाताखालीच शिकतो. पण याच सूक्ष्म जिवांचा अभ्यास जिनं आयुष्याचं काम केलं, त्या डॉ. कमल रणदिवे यांचं नाव मी इकडे आदिलाबादेत काढलं, की बहुतेक जणी विचारतात, "कोण हो या?" म्हणून हा लेख.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आईचं नाव शांताबाई. मुलामुलींनी सगळ्यांनीच शिकायचं, असा वडिलांचा आग्रह. कमल हुजूरपागेत शिकली, मग फर्ग्युसनमध्ये. तिनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. तिनं दोन्ही केलं नाही. वनस्पती आणि प्राणिशास्त्र घेऊन ती १९३४ साली विशेष प्राविण्यानं बी. एस्सी. झाली.

१९३९ साली लग्न झालं जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी. त्या काळी लग्न म्हणजे शिक्षण संपलं. पण कमलताईंची एम. एस्सी. झाली १९४३ साली, म्हणजे लग्नानंतर चार वर्षांनी! आपल्या बाजारात पाट्या भरभरून येतात ना, त्या सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा त्यांनी अभ्यास केला. पेशींचा अभ्यास हा वडिलांचाही विषय. नवऱ्याचं शास्त्र वेगळं, तरी या शिक्षणात त्यांची मोठी मदत झाली. वडिलांनी सुरू केलेलं नवऱ्यानं थांबवलं नाही, एवढी एक गोष्ट किती घरांत घडते, तुम्हीच मोजा.

मुंबईत टाटा हॉस्पिटलात डॉ. वसंत खानोलकर हे नावाजलेले रोगनिदानतज्ज्ञ होते. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी १९४९ साली पीएच. डी. मिळवली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे त्या गेल्या. पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत ठेवून वाढवायची विद्या त्यांनी तिथे घेतली. या गायसाहेबांची प्रयोगशाळा उभी राहिली ती त्यांच्या बायकोच्या, मार्गारेटच्या बळावर. ती मूळची शस्त्रक्रियेच्या खोलीतली नर्स. हात, भांडी, हवा कशी निर्जंतुक ठेवायची हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यावाचून पेशी जगत नाहीत.

कमलताई तिथे राहिल्या नाहीत. परत येऊन त्यांनी मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात अशीच प्रयोगशाळा उभारली, देशातली पहिली. पेशींना लागणारं द्रवरूप खाद्यही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इथेच तयार केलं. स्तनाच्या कॅन्सरवर उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाळून केलेलं त्यांचं काम मोठं आहे. १९६६ पासून काही वर्षं संस्थेचा कारभारही त्यांच्याकडे होता.

पण मला जवळचं वाटतं ते त्यांचं महारोगावरचं काम. पैनगंगेपलीकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे, त्यामुळे हा रोग आपल्याला परका नाही. बोटं झडलेल्या माणसाला घराबाहेर काढलेलं आपल्या मागच्या पिढीनं पाहिलंय. नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ सालीच या रोगाचा जंतू शोधला, पण तो प्रयोगशाळेत काही केल्या वाढेना. आणि जंतू वाढवता आला नाही, तर लस कशी करणार? १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर या तिघांनी रोग्याच्या शरीरातून एक जंतू मिळवून वाढवून दाखवला. पुढे कळलं, हा नेमका हॅन्सनचा जंतू नव्हे, त्याच्या गोतातला आहे. तरी श्रम वाया गेले नाहीत. त्याच जंतूपासून लस तयार झाली आणि मोठ्या चाचण्यांमध्ये तिचा उपयोग दिसला. १९८२ साली सरकारनं कमलताईंना पद्मभूषण दिलं.

त्यांनी केलेली आणखी एक गोष्ट आपल्या लेकीसुनांच्या कामाची. १९७३ साली त्यांनी इतर संशोधक स्त्रियांना बरोबर घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेनं वाशीला नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह काढलं, पाळणाघर काढलं. बघा, एवढे शास्त्राचे लोक एकत्र आले आणि त्यांनी पाळणाघर काढलं! कारण बाई प्रयोगशाळेतून का परत फिरते, हे त्यांना ठाऊक होतं. स्वतःला माहेरी वडील आणि सासरी नवरा असे भेटले. ज्यांना तसं कोणी भेटत नाही, त्यांचं काय, हा विचार त्यामागे असावा.

आपल्याकडच्या मुली आज हैदराबादला, नागपूरला शिकायला जातात. मायक्रोबायोलॉजीही घेतात. मार्कांचे पेढे आपण वाटतो. मग स्थळ येतं, आणि डिग्री बायोडाट्यात एका ओळीपुरती उरते. म्हणून सुनेला आणताना एवढंच विचारू या : तुझं शिक्षण कुठवर आलंय, आणि ते पुरं व्हायला घरातलं कोणतं काम आम्ही उचलू?