वधूचा गाऊन : आकृती आणि निवड

ख्रिस्ती वधूच्या गाऊनची आकृती दोन गोष्टींवर ठरते : तो अंगाला कुठवर बसतो आणि घेर कुठून सुटतो. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिने १८४० साली स्वतःच्या विवाहात पांढऱ्या सॅटिनचा, होनिटन लेस लावलेला पोशाख घातला. पांढऱ्या गाऊनची प्रथा त्यानंतर रुजत गेली. गोवा व वसई येथील ख्रिस्ती वधूही चर्चमधील विधीला तोच घालतात.

‘ए-लाइन’ हे नाव फॅशन डिझायनर क्रिस्तियान दिऑर यांच्या १९५५ च्या संग्रहामुळे रूढ झाले. आजचा ए-लाइन गाऊन कमरेपर्यंत बसता असतो व पुढे हळूहळू पसरतो. नितंब रुंद असतील तर कापड त्यांना चिकटत नाही, म्हणून बहुतेक बांध्यांना तो शोभतो. अरुंद नितंबांना भरीवपणा हवा असल्यास ‘बॉलगाऊन’ निवडावा. मात्र ठेंगण्या वधूची उंची त्याच्या मोठ्या घेरात हरवते. ‘एम्पायर’ गाऊनची शिवण छातीखालीच येते. पोट सुटलेले असल्यास किंवा गरोदरपणी तो सोयीचा. पण छाती भरदार असेल तर कापड तिथूनच पुढे लोंबते आणि पोट उलट मोठे भासते.

‘मर्मेड’ गुडघ्यापर्यंत घट्ट असतो. कमनीय बांधा त्यात उठून दिसतो, परंतु चर्चमध्ये गुडघे टेकणे अवघड जाते. मांडीच्या मध्यापासून सुटणारा ‘ट्रम्पेट’ त्या मानाने सुखाचा. घेर न सुटता अंगालगत उतरणारा ‘शीथ’ हा सरळ, सडपातळ बांध्याचा गाऊन मानला जातो, हे अर्धेच खरे. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात उरेब कापाचे तंत्र विकसित केले. ताण्याबाण्याशी ४५ अंशांत कापलेले कापड ताणले जाते आणि वळणांवरून अलगद उतरते. त्यामुळे उरेब कापलेला शीथ गोलाईदार अंगावरही खुलतो.

खांदे रुंद असल्यास व्ही-गळा आणि खाली घेर घेतल्याने तोल साधतो. चकाकत्या सॅटिनवर प्रत्येक चुणी दिसते, तर जाड क्रेप ती झाकतो.

शरीराचे ‘पेअर’, ‘अवरग्लास’ असे प्रकार पाडणारे तक्ते केवळ सुरुवातीपुरते उपयोगी आहेत. छाती, कंबर, नितंब यांची मापे सारखी असलेल्या दोघींच्याही धडाची लांबी वेगळी असू शकते, आणि कमरेची शिवण कुठे यावी हे त्या लांबीवर ठरते. म्हणून गाऊन घालून बसून, गुडघे टेकून, हात उंचावून पाहणे आवश्यक असते. खालची किनार विवाहात वापरायच्याच चपला घालून मापतात.