बंदूक अडकली, दोष कुणाचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

मोबाइलवर बीजीएमआय खेळत असाल तर पी१९११ पिस्तूल आणि एम१६ए४ रायफल तुम्ही वापरली असणार. मीही वापरतो. गेममध्ये या दोन्ही बंदुका कधी मळत नाहीत, कधी अडकत नाहीत. खऱ्या बंदुकीचं तसं नसतं. तिथे प्रत्येक गोळीमागे थोडी काजळी उरते. या काजळीपायी एकदा माणसं मेली, आणि दोष बराच काळ त्या माणसांनाच दिला गेला. आज ती गोष्ट.

आधी यंत्र समजून घेऊ. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीचा चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते आणि गोळी सुटते. त्याच स्फोटाच्या जोरावर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, जाऊन बसतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं होतं. म्हणजे बघा, दारू फक्त गोळी उडवत नाही, ती अख्खं यंत्र चालवते. दारू बदलली की यंत्राची चाल बदलते. आणि पुंगळी आत अडकून बसली, की हातात उरतो नुसता लोखंडाचा तुकडा.

मार्च १९११. अमेरिकी सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं. जॉन ब्राउनिंगने रचना केलेलं कोल्ट कंपनीचं पिस्तूल चाचणीला आलं. एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. मध्ये मध्ये ते थंड होऊ दिलं, आणि दर हजार गोळ्यांनंतर साफ करून तेल दिलं. ते एकदाही अडकलं नाही. स्पर्धेतलं दुसरं पिस्तूल मात्र अडकलं. इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. साफसफाई हा चाचणीचाच भाग होता. बंदूक मळणार हे धरूनच ते लोक चालले होते.

आता पन्नासेक वर्षं पुढे येऊ. युजीन स्टोनरच्या एआर-१५ रायफलीवरून सैन्याची एम१६ तयार झाली. हलकी आणि वेगवान. नळीतला थोडा गॅस एका बारीक नळीतून थेट मागच्या यंत्रात येतो आणि ते चालवतो. साहजिकच गॅसबरोबर काजळीही आत येते.

स्टोनरने ही रायफल एका विशिष्ट दारूवर बसवली होती. पण सैन्याला हवा तो वेग, दाबाची मर्यादा सांभाळून, त्या दारूतून मोठ्या प्रमाणावर मिळवणं अवघड जाऊ लागलं. म्हणून १९६४ मध्ये बारीक गोल दाण्यांच्या दारूला, 'बॉल पावडर'ला, मंजुरी मिळाली. तिच्यामुळे रायफल ठरल्यापेक्षा जोरात चालू लागली. मिनिटाला ८५० गोळ्यांची मर्यादा होती, ती ओलांडून वेग हजाराच्या जवळ गेला. काजळीही वाढली. स्टोनरने पुढे चौकशीत सांगितलं, की आपलं मत विचारलं गेलं ते निर्णय झाल्यावर.

आणखी दोन चुका झाल्या. एम१६च्या चेंबरला क्रोमचा मुलामा दिला नाही. आधीच्या एम१४ रायफलीच्या नळीला तो होता, म्हणजे माहिती नव्हती असं नाही. व्हिएतनामच्या दमट हवेत चेंबर गंजायचं आणि पुंगळी आत चिकटायची. दुसरी चूक म्हणजे, ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरला, आणि सफाईचं सामान पुरेसं पोचलंच नाही.

१९६७ च्या वसंतात खे सान्हजवळच्या टेकड्यांवर मरीन सैनिक लढत होते. एम१६ त्यांच्या हाती नुकतीच आली होती. पुंगळी अडकली तर एकच उपाय होता. सफाईचा गज पुढून नळीत घालायचा आणि पुंगळी मागे ढकलून काढायची. समोरून गोळ्या येत असताना! एका सैनिकाने घरी लिहिलेलं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं, अमेरिकी संसदेतही वाचलं गेलं. आपले बहुतेक मेलेले सोबती खोललेल्या रायफलीशेजारी सापडले, असा त्याचा आशय होता. आणि वरून उत्तर काय मिळत होतं? पोरं रायफली नीट साफ करत नाहीत.

संसदेची उपसमिती बसली. अध्यक्ष होते रिचर्ड इकॉर्ड. तिच्या तपासात निघालेली एक गोष्ट वाचून मी चाट पडलो. बॉल पावडर वापरली की रायफल वेगाच्या चाचणीत बसत नव्हती. म्हणून कारखान्यातली चाचणी जुन्या दारूवर घ्यायची मुभा कोल्टला देण्यात आली. म्हणजे रायफल पास व्हायची एका दारूवर, आणि सैनिकाला मिळायची दुसरी. ऑक्टोबर १९६७ च्या अहवालात समितीने स्पष्ट म्हटलं, की दारूगोळ्यातले दोष दुरुस्त न करणं हा जवळजवळ गुन्हेगारी निष्काळजीपणा आहे.

पुढे चेंबरला क्रोम आला, रायफलीचा वेग आटोक्यात आणणारा सुटा भाग बदलला, सफाईचं सामान पोचलं. १९६८ मध्ये तर सैन्याने विल आयस्नर या नामवंत चित्रकाराकडून ३२ पानी कॉमिक करून घेतलं, रायफल कशी सांभाळायची ते शिकवायला. तीच एम१६ पुढे कित्येक दशकं चालली.

सैनिकांनी साफसफाईत हयगय केलीच नसेल असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या हातात गजसुद्धा दिला नाही, त्याला 'साफ का केली नाहीस' म्हणून विचारायचं? कुठलंही यंत्र बिघडलं की आपण आधी वापरणाऱ्याकडे बोट दाखवतो. त्याआधी एवढंच विचारावं, की चाचणी झाली तेव्हा जे होतं, तेच त्याच्या हातात आहे ना?

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.