कोहीमारचे एकटे कोळी

क्युबाची राजधानी हवाना. तिच्या पूर्वेला काही किलोमीटरवर कोहीमार नावाची लहानशी खाडी आहे. खाडीच्या तोंडाशी सतराव्या शतकात स्पॅनिशांनी बांधलेला एक ठेंगणा किल्ला आहे आणि त्याच्या आसपास कोळ्यांची वस्ती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वस्तीतली माणसे पहाटेच्या अंधारात होड्या वल्हवत खाडीबाहेर पडत. कुणाच्या होडीत दोघे असत, कुणी एकटाच जाई. त्यांचे भक्ष्य म्हणजे मार्लिन. वरचा जबडा भाल्यासारखा लांब, अंगाचा रंग पाठीवर गर्द निळा आणि पोटाला रुपेरी. होडीपेक्षा लांब भरेल असाही मासा त्यात सापडे.

एकट्या माणसाने, साध्या होडीतून, हातातल्या दोरीने इतका मोठा मासा धरायचा ही रीत इथे रुजली त्याचे पहिले कारण भूगोलात आहे. क्युबाच्या उत्तर किनाऱ्यालगत समुद्राचा तळ हळूहळू खोल होत जात नाही, एकदम खाली कोसळतो. किनाऱ्यावरचे दिवे दिसत असतानाच होडीखाली शेकडो वाव पाणी असते. क्युबा आणि फ्लोरिडा यांच्यामधून गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह पूर्वेकडे वाहतो आणि मार्लिन या प्रवाहाच्या काठाने येतात. इतरत्र ज्या माशासाठी दूरच्या समुद्रात जावे लागते तो इथे वल्ह्यांच्या टप्प्यात येत असे. दुसरे कारण वाऱ्याचे. या किनाऱ्यावर वर्षाचे बरेच दिवस व्यापारी वारे ईशान्येकडून आणि पूर्वेकडून वाहतात. सकाळी वल्ही मारून प्रवाहात शिरायचे, दिवसभर त्याच्याबरोबर पूर्वेकडे वाहत राहायचे आणि दुपार कलली की ठिगळे लावलेले शीड उभारून वाऱ्याच्या जोरावर पश्चिमेला घरी परतायचे. जाताना प्रवाह आणि येताना वारा, या दोघांच्या भरवशावर हा धंदा इंजिनाशिवाय चालला.

हंगामही ठरलेला असे. वसंतात पांढरा मार्लिन येई. तो आकाराने लहान. उन्हाळ्यापासून पावसाळी वादळांच्या महिन्यांपर्यंत मोठ्या निळ्या मार्लिनचे दिवस. बाजारात आलेल्या माशांना रंग आणि आकार पाहून कोळी वेगवेगळी नावे देत. त्यातले अवाढव्य, काळपट मासे ही वेगळीच जात असल्याचे बराच काळ मानले जाई. १९३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या नैसर्गिक विज्ञान अकादमीतले चार्ल्स कॅडवालाडर आणि हेन्री फाउलर हे दोघे मार्लिनच्या जातींचा गुंता सोडवण्यासाठी हवानाला आले होते. पुढे स्पष्ट झाले ते असे, की अटलांटिकमधले हे प्रचंड ‘काळे’ मासे म्हणजे निळ्या मार्लिनच्या वयस्क माद्या. या जातीचा नर क्वचितच १६० किलोंच्या पुढे जातो, मादी मात्र पाचशे किलोंच्याही वर वाढते. एकट्या कोळ्याला रात्रंदिवस ओढत नेणारा मासा बहुतेक वेळा मादीच असणार.

साधने मोजकीच होती. जाड पिळाची दोरी, मोठे गळ, आमिषाला ताजे बांगडे किंवा कुपे आणि तारल्यांसारखे लहान मासे, एक हार्पून, एक हुकाची काठी, एक सोटा, पाण्याची बाटली. कोकणातला गरवणारा माणूस ज्या तत्त्वाने किनाऱ्यावर बसून गरी टाकतो तेच तत्त्व इथे होते, फक्त खोली अफाट. अर्नेस्ट हेमिंग्वेने ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या कादंबरीत ही मांडणी बारकाईने नोंदवली आहे. पहिले आमिष ४० वाव खोल, दुसरे ७५, मग १०० आणि १२५. प्रत्येक दोरी एका ओल्या काठीवर अडकवलेली, म्हणजे खाली माशाने आमिषाला तोंड लावताच काठी झुकून खूण मिळावी. प्रत्येक दोरीला ४० वावांची दोन वेटोळी जोडलेली, आणि ती पुन्हा दुसऱ्या दोरीच्या वेटोळ्यांना बांधता येतील अशी. त्यामुळे गरज पडली तर एका माशाला तीनशेहून अधिक वाव दोरी सोडता येई. अशा खोल पाण्यात दोरी सरळ उभी ठेवणे हेच मोठे कौशल्य. प्रवाहाबरोबर होडी वाहते, दोऱ्या तिरक्या होतात आणि आमिष ठरलेल्या खोलीवरून वर सरकते. चांगला कोळी वल्ह्याच्या हलक्या हाताने होडी दोऱ्यांच्या वर ठेवत राही.

मासा लागल्यावर दोरी होडीला पक्की बांधायची नसते. मोठा मार्लिन अचानक उसळी घेतो, आणि घट्ट बांधलेली दोरी त्या हिसक्याला तुटते. म्हणून दोरी माणसाच्या अंगावरच राहते. पाठीवरून, खांद्यावरून, हातातून ती सुटत जाते. तळवे कापले जातात, पाठीवर वळ उठतात. ताण देणारा आणि सैल सोडणारा, दोन्ही कामे करणारा ब्रेक म्हणजे माणसाचे शरीर. होडीचे वजन आणि पाण्याचा विरोध माशाला हळूहळू थकवतात, पण तोवर मासा होडी ओढत नेतो. दोघे असतील तर पाळीपाळीने दोरी धरता येते. एकट्याला झोप आणि जेवण या दोन्ही गोष्टी दोरी हातात ठेवूनच करायच्या असतात.

याच काळात मार्लिन धरण्याची एक वेगळी परंपरा खंडाच्या दुसऱ्या टोकाला वाढत होती. कॅलिफोर्नियाच्या सांता कातालीना बेटावर १८९८ मध्ये चार्ल्स फ्रेडरिक होल्डर याने १८३ पौंडांचा कुपा काठी आणि रिळावर धरला आणि त्याच वर्षी तिथे ट्यूना क्लब स्थापन झाला. होल्डरची तक्रार हातदोरीविरुद्ध होती. पर्यटक आणि नावाडी जाड दोऱ्या टाकून मासे भराभर ओढून काढत, ते त्याला अन्यायाचे वाटे. क्लबने दोऱ्याची जाडी मर्यादित केली आणि मासा धरणाऱ्याने तो दुसऱ्याच्या मदतीशिवाय आणावा असा नियम घातला. १९०३ मध्ये कातालीनाजवळ एडवर्ड लुएलिन याने १२५ पौंडांचा पट्टेरी मार्लिन आणला. काठी-रिळावर धरलेला पहिला मार्लिन म्हणून त्याची नोंद केली जाते. त्या वेळच्या रिळांना आतून ब्रेक नव्हता. मासा पळाला की मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटे मोडत. १९१३ च्या सुमाराला विल्यम बोशेनच्या कल्पनेवरून आत घर्षणाचा ब्रेक असलेले रीळ तयार झाले, आणि खेळाचे रूपच बदलले. याच खेळासाठी लेखक झेन ग्रे १९२६ मध्ये न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये गेला. १९३० मध्ये त्याने ताहितीजवळ १,०४० पौंडांचा, मुश्यांनी लचके तोडलेला मार्लिन आणला.

हातदोरी म्हणजे अन्याय, हे मत कातालीनापुरते समजण्यासारखे आहे. कोहीमारच्या होडीला ते लागू पडत नाही. तिथे दोरी ओढणाऱ्यामागे ना इंजिन, ना सोबती, ना खुर्ची. न्याय्य झुंजीची व्याख्या करणाऱ्या क्लबांनी ज्या साधनाला हीन ठरवले, त्याच साधनाने क्युबन कोळी खेळाच्या कुठल्याही नियमापेक्षा कठोर झुंज रोजच्या पोटासाठी देत होता.

हे दोन प्रवाह हवानाजवळ एकत्र आले ते हेमिंग्वेमुळे. १९३२ मध्ये तो फ्लोरिडातल्या की वेस्टहून इथे मार्लिनसाठी येऊ लागला. १९३४ मध्ये ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यात बांधलेली ‘पिलार’ ही ३८ फुटी इंजिनाची नाव त्याने घेतली. तिच्यावर कार्लोस गुतिएरेस हा अनुभवी क्युबन कोळी होता, आणि बाजाराच्या मासेमारीची पुष्कळ माहिती हेमिंग्वेला त्याच्याकडून मिळाली. एप्रिल १९३६ च्या ‘एस्क्वायर’ मासिकात हेमिंग्वेने एक हकीकत लिहिली. हवानाच्या पश्चिमेच्या काबान्यासहून एक म्हातारा एकटाच होडीतून गेला होता. मोठ्या मार्लिनने त्याला दूर समुद्रात ओढून नेले. दोन दिवसांनी इतर कोळ्यांना तो ६० मैल पूर्वेकडे सापडला. होडीला बांधलेल्या माशाचा निम्म्याहून कमी भाग उरला होता, आणि तरीही त्याचे वजन ८०० पौंड, म्हणजे सुमारे ३६० किलो भरले. बाकी मुश्यांनी खाल्ले होते. म्हाताऱ्याने वल्ह्याने त्यांना मारून मारून हात टेकले होते. लोकांनी गाठले तेव्हा तो रडत होता आणि मुशी अजून होडीभोवती घिरट्या घालत होत्या. त्याचे नाव लेखात दिलेले नाही.

ही हकीकत हेमिंग्वेने सोळा वर्षे सांभाळली. १९३९ मध्ये त्याने आपल्या संपादकाला कळवले, की तपशील नीट बसावेत म्हणून तो कार्लोसबरोबर त्याच्या होडीतून जाणार आहे. त्यातून झालेली कादंबरी १ सप्टेंबर १९५२ च्या ‘लाइफ’ मासिकात संपूर्ण छापली गेली आणि त्या अंकाच्या पन्नास लाख प्रती दोन दिवसांत संपल्या. १९५३ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला, १९५४ मध्ये लेखकाला नोबेल. मराठीत ती पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने आणली, आणि कोहीमारचा म्हातारा मराठी वाचकांच्या घरात शिरला. हा अनुवाद मराठीला सहज मानवला, याला ‘वाव’, ‘गळ’, ‘मुशी’ हे शब्द आधीपासून किनाऱ्यावर जिवंत होते हेही कारण असणार.

पुढे पर्यटक कादंबरीतला म्हातारा म्हणून ग्रेगोरिओ फुएन्तेस यांच्याकडे बोट दाखवू लागले. कॅनरी बेटांवर जन्मलेले फुएन्तेस ‘पिलार’चे अनेक वर्षांचे नावाडी, कोहीमारला राहत आणि २००२ मध्ये १०४ व्या वर्षी वारले. समुद्राची आणि माशांची जाण त्यांना होती यात शंका नाही. पण त्यांची ओळख इंजिनाच्या नावेवरची. एकट्याने होडीत दिवस-रात्र काढणाऱ्या माणसाची जागा काबान्यासच्या त्या निनावी कोळ्याची आहे.

कादंबरीवरच्या चित्रपटात तर मासाही बदलला. १९५८ च्या चित्रपटासाठी हेमिंग्वे स्वतः १९५६ मध्ये पेरूच्या काबो ब्लांकोला गेला होता, पण हवा तेवढा मोठा मासा मिळाला नाही. अखेर आल्फ्रेड ग्लासेलच्या संग्रहातली दृश्ये वापरली गेली. ४ ऑगस्ट १९५३ रोजी ग्लासेलने काबो ब्लांकोजवळ १,५६० पौंडांचा, म्हणजे ७०७ किलोंचा काळा मार्लिन काठी-रिळावर सुमारे पावणेदोन तासांत धरला. या जातीचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. पडद्यावर एकट्या कोळ्याशी झुंजणारा मासा प्रत्यक्षात प्रशांत महासागरातला, इंजिनाच्या नावेतून, खलाशांच्या साथीने धरलेला होता.

खेळाचे नियम तोवर आंतरराष्ट्रीय झाले होते. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मायकल लर्नर यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना स्थापन झाली. मासा लागल्यावर काठीला दुसऱ्या कुणाचा हात लागला तर विक्रम बाद, हा तिचा कणा. तरी नाव फिरवून माशाचा पाठलाग करणारा नावाडी आणि शेवटी गळाजवळची तार धरणारा मदतनीस चालतो. पूर्ण एकट्याने मार्लिन धरायचा तर सुकाणू, काठी आणि तार ही तिन्ही कामे एकाच माणसावर येतात. सर्वांत धोक्याचा क्षण तार हाताशी येण्याचा: हाताला वेढा बसला आणि मासा खाली गेला तर माणूसही ओढला जातो. कोहीमारच्या कोळ्याचा हा धोका तासन्‌तास चालू असे, कारण त्याच्या हातात पहिल्यापासून दोरीच होती.

१९५६ पासून जपानी नावा हजारो गळांच्या लांब दोऱ्या घेऊन अटलांटिकमध्ये आल्या. त्यांचे लक्ष्य कुपे होते, पण गळाला मार्लिनही लागत. पुढच्या दशकांत मार्लिनची संख्या घटली. १९८८ मध्ये अमेरिकेने आपल्याकडे अटलांटिक मार्लिनच्या विक्रीवर बंदी घातली. निळा मार्लिन आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे, आणि खेळातला बहुतेक मासा खूण लावून परत पाण्यात सोडला जातो.

कोहीमारला १९६१ मध्ये हेमिंग्वेच्या मृत्यूची बातमी पोहोचली. कोळ्यांनी त्याचा अर्धपुतळा करायचे ठरवले, तेव्हा धातू नव्हता. प्रत्येकाने आपापल्या होडीचे पंखे आणि इतर भाग दिले, ते वितळवून ओतलेला पुतळा १९६२ मध्ये किल्ल्यासमोर उभा राहिला. पंखे देता आले, म्हणजे वल्ही आणि शीड तोवर मागे पडू लागली होती. कोहीमारहून लहान होड्या आजही प्रवाहात दोऱ्या टाकतात. १९४० च्या दशकात यकृताच्या तेलासाठी किंमत मिळणाऱ्या मुशी आता मांसासाठी धक्क्यावर उतरवल्या जातात, आणि त्यांच्या जाती व लांबी क्युबन संशोधक तिथेच नोंदवून घेतात.